आवाज आढळला नाही

यंत्राने मला दुसरीत बसवलं, याचं मला काही वाटत नाही असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे वाटतं. अर्धं आयुष्य पोरांना मराठी शिकवण्यात गेलं, आणि एका मोबाईलने माझं वाचन ऐकून शांतपणे निकाल दिला: ‘वाचन पातळी: इयत्ता दुसरी. सराव करत राहा.’ ‘सराव करत राहा’ हे मी आजवर इतक्या वह्यांवर लाल शाईने लिहिलं आहे, की ते आपल्यालाही लागू शकतं हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

ते यंत्र म्हणजे ‘वाचनदूत’ नावाचं ॲप. उधन्याच्या आमच्या मराठी शाळेत ते आलं तेव्हा एक डिजिटल समन्वयक नेमायची वेळ आली. आमच्या आचार्य धनश्रीबाई (इथे गुजरातीत मुख्याध्यापकांना आचार्य म्हणतात, त्यामुळे माणूस उगाच थोडा ताठ बसतो) यांनी सगळ्या शिक्षकांचे मोबाईल टेबलावर मागवले. बाकीच्यांच्या फोनमध्ये जागाच नव्हती. लग्नाचे व्हिडिओ, सुप्रभाताची फुलं, नातवंडांचे फोटो. माझा फोन तेवढा मोकळा निघाला, कारण मला कोणी काही पाठवत नाही. धनश्रीबाईंनी सगळ्यांसमोर माझं अभिनंदन केलं. कोणी काही न पाठवण्यामुळे एखाद्याची पदोन्नती झाल्याचं निदान शिक्षण खात्यात तरी मी ऐकलेलं नाही.

पद मिळालं की माणूस बिघडतो. मी घरी येऊन बायकोला, मनीषाला, अध्यापनातील तंत्रज्ञानाचं महत्त्व समजावून सांगितलं. ती मेथी निवडत होती. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली की तंत्रज्ञान असू दे, पण आधी गीझरचं बटण बंद करायला शीक. शेजारच्या कुंदनभाईंनी मात्र विषय मनावर घेतला. हे आमच्या सोसायटीतले कापड बाजारातले दलाल. दलाली कमी आणि सल्ले जास्त देतात. ‘सर, माईक सारो लो,’ ते म्हणाले, ‘अवाज सारो तो बधू सारू.’ आवाज चांगला तर सगळं चांगलं. सल्ला देऊन ते थांबले नाहीत, स्वतःबरोबर नेऊन त्यांनी मला कॉलरला लावायचा माईक घेऊन दिला. त्याला केसाळ टोपी होती. तो लावून मी वर्गात गेलो तेव्हा पोरांना वाटलं सरांच्या शर्टावर उंदीर बसलाय, आणि पहिला तास तो उंदीर नाही हे पटवण्यात गेला.

ॲपचं काम साधं होतं. पोराने फोनसमोर धडा वाचायचा. ॲप ऐकणार, पातळी ठरवणार, हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देणार, आणि तो रंग लगेच पालकांच्या मोबाईलवर जाणार. शिक्षकाने फक्त ‘सादर करा’ हे बटण दाबायचं. इतकी कमी अक्कल लागणारं काम मला नोकरीत प्रथमच मिळालं होतं, आणि मी ते फार गंभीरपणे करत होतो.

माझा वर्ग पाचवीचा. बहुतेक पोरं खानदेशातून आलेल्या कारागिरांची, थोडी आमच्या विदर्भातली, सगळ्यांचे बाप लूमवर नाहीतर मिलमध्ये. यंत्रमागांच्या आवाजात वाढलेली पोरं, त्यामुळे बोलणं म्हणजे ओरडणंच. ॲपला ती फार आवडली. एका पठ्ठ्याने पुस्तक उलटं धरून धडा पाठ म्हणून दाखवला, त्याला हिरवा. दुसऱ्याने धडा सोडून प्रतिज्ञाच म्हटली, पण इतक्या खणखणीत आवाजात, की त्यालाही पिवळा मिळाला.

मग हर्षदा आली. चौथ्या बाकावरची, तेल चापून दोन वेण्या घातलेली. तिच्याबद्दल आधीच्या सगळ्या शिक्षकांनी प्रगतिपुस्तकात एकच शब्द लिहिला होता: लाजाळू. मीही तोच लिहीत होतो. तिने पुस्तक उघडलं, कासवाच्या धड्यावर बोट ठेवलं आणि उभी राहिली. बोट सरकत होतं, ओठ थोडेसे हलत होते. मी म्हटलं, मोठ्याने वाच. तिने मान डोलावली आणि ओठ जरा जास्त हलवले. फोनने वाट पाहिली, पुन्हा वाट पाहिली आणि पडद्यावर उमटलं: ‘आवाज आढळला नाही. वाचन पातळी: शून्य.’

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. या मुलीच्या वह्या मी तपासत होतो. तिचं लिहिणं स्वच्छ होतं, उत्तरं स्वतःची असत, गाईडमधली नसत. वाचता न येणारी मुलगी अशी उत्तरं लिहील का, हा प्रश्न शिपायालासुद्धा पडला असता. मला पडला नाही. बाहेर दुसरा वर्ग रांगेत उभा होता, माझ्या शर्टावर उंदीर होता, आणि यंत्राने एवढं स्पष्ट सांगितल्यावर आपण कशाला मध्ये बोलायचं, असं मला वाटलं. मी ‘सादर करा’ दाबलं.

दुसऱ्या दिवशी हर्षदा आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा रिकाम्या बाकाकडे बघण्यात गेला, तेव्हा मी तिच्या घरी गेलो.

घर म्हणजे लूमच्या कारखान्याच्या मागच्या अंगाला एक खोली. कारखान्याला इथे खातं म्हणतात. तिचे वडील पंडित तिथेच कारागीर, आणि राखणही तेच करतात म्हणून मालकाने खोली दिलेली. हर्षदा जन्मली तीही त्याच खोलीत. भिंतीपलीकडे लूम अखंड चालू. आवाज असा, की मी दारात उभा राहून नाव सांगितलं ते माझं मलाच ऐकू आलं नाही. आत हर्षदा जमिनीवर साडी पसरून तिच्यावर चमकणारे खडे चिकटवत होती. मला पाहून तिने हात पदराखाली लपवायला पाहिलं, पण फ्रॉकला पदर नव्हता.

तिच्या आईने, शोभाबाईने, मला बाहेर गल्लीच्या टोकाशी नेलं, कारण तिथे बोललेलं ऐकू येतं. ती म्हणाली, ‘सर, तिना बाप सांगस, मोबाईलवर लाल उनं. आते शाळा बंद.’ मी म्हटलं, असं कसं, एक रंग आला म्हणून? तेवढ्यात चहाच्या सुट्टीत पंडित स्वतः बाहेर आले. कानात कापूस, मिशीवर सुताची बारीक पांढरी धूळ. मला नमस्कार करून त्यांनी माझं म्हणणं नीट ऐकून घेतलं. मी पोरगी हुशार आहे, ॲप चुकलं असेल वगैरे बोललो. ते माझ्यावर रागावले नाहीत, हेच वाईट झालं. ते फक्त म्हणाले, ‘सर, मशीन उगाच थांबत नही. धागा तुटना तरच थांबस.’

मग त्यांनी मला समजावलं. लूम स्वतःहून थांबलं की कारागीर लूमशी भांडत बसत नाही. तो ताण्यात, उभ्या धाग्यांत, तुटलेला धागा शोधतो, आणि तो कुठेतरी असतोच. जन्मभर यंत्राने त्यांना कधी खोटं सांगितलं नव्हतं. माणसांनी बरंच सांगितलं होतं. त्यामुळे पोरगी पाचवीपर्यंत शाळेत गेली आणि यंत्र शून्य म्हणतंय, याचा अर्थ धागा पोरीत तुटला आहे, इतकं त्यांचं सरळ गणित होतं. दिवाळीनंतर तिला गावी आजीकडे पाठवायचं आणि तोवर आईला हातभार, असं ठरलं होतं. पोरीने शिकावं ही त्यांची फार इच्छा होती.

तिथून मी निघालो तो थेट यंत्राशी भांडायला.

ॲपच्या मदत केंद्रावर चंचलबेन नावाच्या एक बाई होत्या. आवाज अतिशय गोड. त्यांनी गोड आवाजात सांगितलं, की चढलेला निकाल बदलता येत नाही, फेरचाचणी पुढच्या सत्रात. मी म्हटलं, पुढच्या सत्रात पोरगी गावी असेल. मग त्यांनी ‘तांत्रिक अडचण’ हा एक मार्ग सुचवला. त्यासाठी मुलीच्या वाचनाचा आवाज जोडायचा. मी चाचणीच्या वेळचा जोडला. त्यांचा फोन आला की साहेब, हा तर कोरा आहे. मी म्हटलं, हीच तर अडचण आहे. त्या म्हणाल्या की अडचण दाखवायला आवाज हवा, आणि आवाज असेल तर अडचण उरत नाही. यात कुठे चूक आहे ते मी अजून शोधतो आहे. शेवटी त्यांनी सुचवलं, की मूल मुकं असल्याचा डॉक्टरी दाखला आणा, वेगळ्या विभागात बसवता येईल. शून्यातून वर यायला आधी मुकं व्हायचं, असा तो मार्ग होता. धनश्रीबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी थोडा वेळ खरोखर विचार केला, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

यंत्राची लायकी काढावी म्हणून मी घरी स्वतः वाचून पाहिलं. तोच कासवाचा धडा. निकाल मघाशी सांगितलाच. मनीषाने कारण लगेच ओळखलं. म्हणे, तू दर वाक्यानंतर ‘हं, मग? समजलं का? मागच्या बाकावर काय चाललंय?’ असं म्हणतोस, ते त्या पुस्तकात कुठे आहे? मला पटेना. मी पुन्हा वाचलं, जीभ दाताखाली धरून वाचलं, तरी कासव तळ्याशी पोचेपर्यंत दोनदा ‘समजलं का’ निघालंच. तेवढ्यात कुंदनभाई आले. त्यांना देवनागरी जेमतेम येते. त्यांनी फोन घेतला आणि बाजारात कापडाचे भाव सांगावेत तसा तो धडा एका दमात सांगून टाकला. हिरवा. इयत्ता पाचवी. त्यांनी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काळजी करू नका, सगळं जमेल, असं सांगितलं. त्या रात्री मी जेवलो, पण कमी जेवलो.

मग शाळेचा टॅब घेऊन मी पुन्हा हर्षदाच्या खोलीत गेलो. म्हटलं, शाळेत लाजते, घरी मोकळी वाचेल. आईला विचारलं, तिने हो म्हटलं. हर्षदा पुस्तक घेऊन दाराशी बसली. मी टॅब तिच्या तोंडाजवळ धरला आणि मोठ्याने वाच, मोठ्याने वाच असं जिवाच्या आकांताने ओरडत राहिलो. ॲपने इथे मात्र भरपूर ऐकलं. भिंतीपलीकडच्या लूमचं खटखटखट त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि अभिप्राय दिला: ‘वाचनाचा वेग उत्तम. उच्चारांकडे लक्ष द्यावे.’ पंडितांना हे दाखवायचा मोह झाला, पण त्यांनी उच्चारासाठी लूमला तेल घातलं असतं.

चंचलबेननी पुरावा म्हणून काहीतरी पाठवा असं पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. म्हणून आईलाच विचारून मी माझ्या फोनवर हर्षदाचा वाचतानाचा छोटा व्हिडिओ घेतला. घेताना एक गोष्ट दिसली होती, पण तेव्हा ती डोक्यात शिरली नाही. त्या खात्यात घसा फोडून ओरडणारा मी एकटाच होतो. शोभाबाईने आतल्या कोपऱ्यातून पोरीला पाणी आण म्हणून सांगितलं ते नुसतं ओठांनी. पोरीने आणलं.

घरी तो व्हिडिओ लावला तर लूमच्या आवाजाने भांडी वाजायला लागली. मनीषाने तो बंद कर म्हटलं. मी आवाज बंद केला आणि तसाच बघत बसलो, आपला पराभव माणूस बघतो तसा. ती माझ्या मागे उभी राहून पोळपाट पुसत होती.

‘काय म्हणतेय ती?’

‘काही नाही. आवाजच नाही.’

‘आवाज नाही,’ मनीषा म्हणाली, ‘पण बोलतेय की.’

मी पुस्तक काढलं. कासवाचा धडा उघडला आणि व्हिडिओ पहिल्यापासून लावला. तिचं बोट ‘एका’वर होतं तेव्हा ओठ ‘एका’चे होते. ‘तळ्यापाशी’ला दात दिसले. ‘म्हणाले’ला ओठ मिटले. स्वल्पविरामाला ती थांबत होती, पूर्णविरामाला जास्त थांबत होती. कासव खड्ड्यात पडतं तिथे तिला हसू आलं, आणि पान उलटायच्या वेळी ओठ वाक्याच्या मध्येच थांबले ते पान उलटल्यावर पुढच्या शब्दाला सुरू झाले. माझ्या वर्गात इतकं समजून कोणी वाचत नाही. मीही नाही, मी तर मध्ये ‘समजलं का’ म्हणतो.

ती लाजाळू नव्हतीच. तिच्या घरात बोलणं असंच असतं. लूमच्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात घशाचा उपयोग नसतो. ओठ हलवायचे, समोरच्याने बघून समजायचं. पाळण्यात असल्यापासून तिने तेच पाहिलं होतं. ‘वाच’ म्हटलं की ती वाचत होती. आवाजही लागतो हे तिला कोणी नीट सांगितलंच नव्हतं, आणि मोठ्याने म्हटलं की ती बिचारी ओठ मोठे करत होती. मला फार लाज वाटली.

चंचलबेननी व्हिडिओ स्वीकारता येत नाही, फक्त आवाज चालतो, असं कळवलं. ते दार बंद झालं. पण व्हिडिओची बातमी मात्र पसरली, कारण मी ती कुंदनभाईंना सांगितली. त्यांचं मत पडलं, की पालकांच्या ग्रुपवर टाका, तिथून समाजाच्या सगळ्या ग्रुपवर जाईल, बाप आपोआप लाजेल. धनश्रीबाईंनी तर हातच जोडले. विभागाच्या बैठकीत मोठ्या पडद्यावर दाखवू म्हणाल्या, शाळेचं नाव होईल, आणि सर, तुमचंही. ‘नवोपक्रम’ हा शब्द त्यांनी उच्चारला. हा शब्द ऐकल्यावर शिक्षकाच्या जातीला काय होतं ते बाहेरच्यांना कळायचं नाही.

मला मोह झाला नाही असं म्हणणार नाही. मी मथळासुद्धा ठरवला होता: ‘मौनाचे वाचन: एक अनुभव’. खाली माझं नाव. पालकांचा ग्रुप उघडला, व्हिडिओ निवडला, अंगठा बाणावर नेला. तेव्हा त्या छोट्या चौकोनात तिचा चेहरा दिसला, ओठ अर्धवट उघडे, डोळे पुस्तकात. आणि वाटलं, एकदा या अंगठ्याने तिला न विचारता तिच्याबद्दल काहीतरी धाडून झालंय. तेही चांगल्या हेतूनेच होतं. मी अंगठा काढून घेतला, आणि व्हिडिओ मागणाऱ्या सगळ्यांना फोन बिघडल्याचं सांगितलं. लोकांना ते लगेच पटलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी खात्यावर गेलो. हर्षदाला गल्लीच्या टोकाशी नेऊन व्हिडिओ दाखवला. विचारलं, हा सगळ्यांना दाखवायचा का? तिने जोरात मान हलवली, नाही. धनश्रीबाईंना? नाही. मग फक्त बाबांना? यावर ती विचारात पडली. बाहीने नाक पुसलं. मग मान डोलावली, हो.

खरं तर बापाला पोरीसमोर उभं करून वाच म्हणता आलं असतं. पण पंडितांचा भरवसा माझ्यावर नव्हता, फोनवर होता. लाल रंग फोनवरून आला होता. काट्याने काटा काढतात, तसं जे फोनने बिघडवलं ते फोननेच दुरुस्त करावं असं माझं मत पडलं. मी व्हिडिओ एकट्या पंडितांना पाठवला. सोबत काही लिहिलं नाही. माझ्यासारख्या माणसाला हे किती जड गेलं ते मनीषाच सांगू शकेल.

आम्ही खात्याच्या जाळीच्या खिडकीशी उभे राहिलो, मी, शोभाबाई आणि हर्षदा. आत लूमच्या रांगा, आणि पार पलीकडच्या टोकाला पंडित. खिशात फोन थरथरला असावा, त्यांनी तो काढला. कपाळाला आठ्या घालून पाहिला. मग ते दोन लूमच्या मधल्या जागेत सरकले, दिवा होता तिथे, आणि फोन डोळ्यांजवळ धरला. आजूबाजूला तो प्रचंड आवाज, आणि ते त्या पडद्याकडे असे बघत होते की जणू कोणीतरी कानात सांगतंय. एकदा त्यांना हसू आलं. कासव खड्ड्यात पडलं असणार. त्यांनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. शेजारचं एक लूम थांबलं, त्यांच्या लक्षात आलं नाही. थांबलेल्या लूमकडे पंडितांचं लक्ष गेलं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं असावं.

मग त्यांनी मान वर केली, खिडकीत आम्हाला पाहिलं, आणि त्यांचे ओठ हलले. बराच वेळ हलले. शोभाबाईने तोंडावर पदर धरला. हर्षदा टाचा उंचावून जाळीला धरून बघत होती. तिघांचं काहीतरी चाललं होतं आणि त्या सगळ्यांत एकटा बहिरा मी होतो. मला राहवलं नाही. मी तिच्या कानाशी वाकून ओरडलो, काय म्हणतायत, काय म्हणतायत?

हर्षदा माझ्याकडे वळली. सरांना खरंच कळलं नाही, हे बघून ती गोंधळली. माझ्या कानाकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं. आणि मग, मला ऐकू येत नाही हे नक्की झाल्यावर, तिने छाती भरून श्वास घेतला आणि लूमच्या आवाजावर चढेल अशा आवाजात ओरडून सांगितलं:

‘बाबा सांगी ऱ्हायना, धागा तुटेल नव्हता! मशीनच बिघडेल व्हतं!’

तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. जाडसर होता, थोडा फाटलेला, न वापरलेल्या वस्तूला असतो तसा. टॅब शाळेच्या कपाटात होता, फोनवरचं ॲप बंद होतं. वाचनदूताने तो आवाज ऐकलाच नाही, आणि त्याच्या पडद्यावर हर्षदा अजूनही लालच आहे.

‘आणखी?’ मी ओरडलो.

‘उद्यापासून शाळामा जाय, म्हणस!’

शोभाबाई रडत होती. मलाही चष्मा पुसावा लागला, खात्यात सुताची धूळ फार. आत पंडित थांबलेल्या लूमकडे गेले होते, पण जाताजाता त्यांनी वळून माझ्याकडे हात केला आणि आणखी काहीतरी म्हटलं. लांबलचक होतं. ते पाहून शोभाबाई रडता रडता हसली, आणि हर्षदा तर खाली बसून हसायला लागली.

मी विचारलं, माझ्याबद्दल काय म्हणाले? ती सांगेना. मी पुन्हा विचारलं, शिक्षक म्हणून विचारलं. तेव्हा ती उठली, माझ्यासमोर नीट उभी राहिली, धडा वाचायला उभी राहते तशी, आणि एकेक शब्द सावकाश, स्पष्ट, लहान मुलाला समजेल असा सांगितला. नुसत्या ओठांनी.

मला एक अक्षर कळलं नाही. मी अजून दुसरीतच आहे.